तुळशीमागचा हिरवा-तांबडा: अग्रशाळेतल्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

गोवा मुक्तिदिनाच्या आठवड्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, चित्रप्रदर्शन भरलं. विषय होता रंग आणि देश. भरवणारे होते गावचं मराठी वाचनालय आणि आसपासच्या शाळांतले चित्रकला शिक्षक. चित्रांची मांडणी आणि भिंतीवरचा मजकूर माझ्याकडे होता. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी एका चित्रावर हरकत आली आणि मग सगळं प्रदर्शन त्या हरकतीभोवतीच फिरत राहिलं. तेच प्रकरण इथे मांडतो आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण गावात हा विषय अजून मिटलेला नाही, आणि तो घाईने मिटावा असं मला वाटतही नाही.

आधी जागेबद्दल. अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याच्या या भागातली, बरीच मोठी देवस्थानं मूळची इथली नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, सासष्टी, बारदेशातली देवळं पाडली तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे आणले. मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळोशीहून. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, तो १७६३ साली गेला. तेव्हा ज्या अंगणात आम्ही देश या विषयावरची चित्रं लावत होतो, ते अंगणच मुळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आसऱ्याला आलेल्या माणसांनी उभं केलेलं आहे. कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी) आणि महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत मानकरी) जत्रेला उतरतात ती अग्रशाळा, जाड भिंतींची, कौलारू, आत उजेड कमी. चित्रांसाठी ही जागा सोयीची नाही. पण पणजीच्या कलादालनात जे लोक कधी पाऊल ठेवणार नाहीत, ते इथे देवदर्शनाला आले की आपोआप येतात, आणि आम्हाला तेच हवे होते.

चित्रं मागवताना

'देश' म्हटलं की काय येणार याची कल्पना होती. पहिल्या फेरीत आलेली बहुतेक चित्रं केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची होती: तीन रंगांचं कबूतर, तीन रंगांचा भारताचा नकाशा, तीन रंग फासलेला मुलाचा गाल. काढणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण झेंड्याचे रंग झेंड्यासारखेच लावले की चित्राला सांगण्यासारखं काही उरत नाही, झेंडाच जास्त चांगलं सांगतो. म्हणून आम्ही सगळ्यांना परत विचारायला लावलं. प्रत्येकाने एकच रंग किंवा रंगांची एकच जोडी घ्यायची, ती आपल्या घरात, गावात कुठे भेटते ते शोधायचं आणि तिथून देशापर्यंत यायचं.

त्यानंतर जे आलं ते पाहून मी हरखलो. एका मुलीने चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती रानफळा-पानांची चौकट, काढली. शेरवडाची पांढरी पानं, कांगलांचे लाल-पिवळे झुपके, कोवळ्या सुपाऱ्यांचे घोस. पाहताना वाटावं, डोंगरात जेवढे रंग आहेत तेवढे तिने गणपतीच्या डोक्यावर बांधलेत. कोणी जांबावलीचा गुलाल घेतला. दामोदराचा तो उत्सव मूळचा मडगावकरांचा, देवासोबत तोही जांबावलीला गेला. सत्तरीच्या एका मुलाने पावसात खाणीवरून उतरून भातशेतीत पसरलेला लाल गाळ काढला होता. हिरव्या रोपांच्या बुडाशी तो तांबडा थर त्याने इतका जाड लावला होता की कॅनव्हास वाकला होता. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत राष्ट्रध्वजाचा ठराव झाला, तेव्हा राधाकृष्णन यांनी हिरव्या पट्ट्याचा अर्थ मातीशी आणि वनस्पतींशी असलेलं आपलं नातं असा सांगितला होता. त्या चित्राखाली मी तेवढंच लिहिलं, दुसरं काही लिहिण्याची गरज नव्हती.

एका भिंतीवर आम्ही जुन्या चित्रांच्या छापील प्रती लावल्या होत्या. अवनींद्रनाथ ठाकूरांची १९०५ ची भारतमाता त्यात होती. भगव्या वस्त्रातली, चार हातांची, पण डोळ्यांना कुठेही न खुपणारी, कारण जपानी चित्रकारांकडून घेतलेल्या वॉश पद्धतीत रंग पुन्हापुन्हा पाण्याने धुऊन मंद केलेला. तिच्या शेजारी आंजेलो द फोन्सेका. १९०२ साली तिसवाडीतल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला हा गोमंतकीय ख्रिस्ती चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बसूंकडे शिकला. परत येऊन त्याने गव्हाळ कांतीची, साडी नेसलेली मारिया, म्हणजे येशूची आई, रंगवली. त्या काळच्या गोव्याला ती सोसली नाही. फोन्सेका पुण्याला गेला, तिथेच काम करत राहिला आणि १९६७ मध्ये तिथेच वारला. मारियेची कांती कोणत्या रंगाची असावी यावरून गोव्यात कोणाला गाव सोडावं लागलं होतं, हे आमच्या मुलांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि मडगावचे दीनानाथ दलाल. दिवाळी अंकांवरच्या त्यांच्या ठसठशीत रंगांतूनच कितीतरी मराठी घरांना 'भारतीय बाई', 'भारतीय राजा', 'भारतीय सकाळ' कशी दिसते ते ठरलं. ते रंग ठरवणारा माणूस परक्या झेंड्याखालच्या गावात जन्मला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चार अंगणं

ज्या चित्रावर हरकत आली ते चार फलकांचं होतं. प्रत्येक फलक साधारण हातभर रुंद आणि त्याच्या दुप्पट उंच. चित्रकार गावचीच मुलगी, कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली. चारही फलकांवर एकच अंगण: मध्ये तुळशीवृंदावन, मागे घराची पडवी, बाजूला दोरीवर वाळत घातलेलं एक लुगडं. बदलत होते ते फक्त रंग. पहिला फलक कावीचा, चुन्याच्या पांढऱ्यावर तांबडा. दुसरा आझुलेजो या पोर्तुगीज रंगीत फरश्यांसारखा निळा-पांढरा. तिसरा हिरवा-तांबडा. चौथा केशरी, पांढरा, हिरवा, पण इतका फिका की ते रंग आहेत की उजेड, हे क्षणभर कळू नये.

शीर्षक नव्हतं. मी सुचवलं होतं, तिने नको म्हटलं.

पहिला फलक लोकांना लगेच आपला वाटला. कावीचं काम मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आणि कोकणपट्टीतल्या अनेक देवळांत आहे. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा, त्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. दुसरा सगळ्यांना 'सुंदर' वाटला. तसा निळा आता गोव्यात घराच्या पाटीवर, हॉटेलच्या भिंतीवर, पर्यटकांच्या पिशवीवर सगळीकडे आहे. तिसऱ्यापाशी भाई थांबले.

भाईंना गावात सगळे भाईच म्हणतात. ऐंशी ओलांडलेले, स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव, देवस्थानाचे महाजन. ते तिसऱ्या फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून कोंकणीत म्हणाले, "हे रंग आमचे न्हय. ह्या रंगां सकयल म्हज्या बापायक मारलो." (या रंगांखाली माझ्या वडिलांना मारलं.) मग शांतपणे मराठीत, कारण आमच्याकडे गांभीर्याचं बोलणं अजूनही मराठीत येतं: "एकोणीस डिसेंबरला देवाच्या अग्रशाळेत पोर्तुगालचं निशाण लागणार असेल तर मी झेंडावंदनाला येणार नाही."

मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "भाई, ते निशाण न्हय. हिरवी तुळस, तांबडं कुंकू. दोरीवरचं लुगडं आजीचं आहे, हिरवं, तांबड्या काठांचं." भाई तिच्याशी रागाने बोलले नाहीत. "बाय, तुला तुळस दिसते, मला ठाणं दिसतं," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरले.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की दोघंही खरं बोलत होते. रंगांनी देश दाखवायचा म्हटलं की नेमकी हीच अडचण समोर येते.

रंगांचा माग

त्या रात्री देवस्थानाच्या समितीची बैठक ठरली. तिथे काहीतरी ठोस घेऊन जायचं म्हणून मी चारही फलकांच्या रंगांचा माग काढायला बसलो. हाती आलं त्याने माझी आधीची समजूत बरीच हलवली.

पोर्तुगालचं हिरवं-तांबडं निशाण १९११ सालचं. त्याआधी राजेशाहीचं निशाण निळं-पांढरं होतं. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि नव्या राज्यकर्त्यांनी जुन्या राजाचे रंग टाकून दिले. त्यांचे स्वतःचे 'राष्ट्रीय' रंगच एका वर्षात बदलले. आता दुसरा आणि तिसरा फलक शेजारी ठेवून पाहा. ज्या निळ्या-पांढऱ्यावर कोणाची हरकत नव्हती, ते रंग गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीज राजाच्या शेवटच्या निशाणाचे. आणि ज्या हिरव्या-तांबड्यावर हरकत होती, ते निशाण आलं त्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क दिले. त्यानंतरच्या दशकांत गोव्यात हिंदूंच्या संस्था, मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं उभी राहिली. १९१२ मध्ये हेगडे देसाईंचं 'भारत' निघालं ते याच मोकळ्या हवेत. आमचं वाचनालयही त्याच लाटेचं अपत्य.

पण ती हवा टिकली नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आला, १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींतल्या माणसाला पुन्हा खालच्या पायरीवर ढकललं. निशाण मात्र तेच राहिलं, हिरवं-तांबडंच. १९४४ मध्ये त्रिस्ताव ब्रागांझा कुन्यांनी एका पुस्तिकेत, पोर्तुगीज सत्तेने गोमंतकीयाला त्याच्या राष्ट्रापासून तोडलं, असं सडेतोड मांडलं. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी बोलले. १५ ऑगस्ट १९५५ ला तिरंगा घेऊन पत्रादेवीच्या सीमेवरून आत येणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या निशाणाखाली १९१० नंतर मराठी शाळा उघडल्या, त्याच निशाणाखाली भाईंचे वडील आग्वादच्या तुरुंगात गेले. एक रंगजोडी, दोन अनुभव, मध्ये जेमतेम एक पिढी.

निळ्याची गोष्ट याहून लांबची. आझुलेजोतल्या निळ्या-पांढऱ्याची आवड युरोपात रुजली ती चिनी मातीच्या भांड्यांमुळे, आणि ती भांडी तिकडे नेणाऱ्यांत पोर्तुगीज जहाजं पुढे होती. चिन्यांना त्या निळ्यासाठी लागणारं कोबाल्ट काही काळ इराणकडून येत असे. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात निळ्या फरश्यांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. लोक त्यासमोर फोटो काढतात. त्यातला निळा 'गोव्याचा' आहे, असं म्हणायला कोणाची हरकत नसते.

आणि कावीचा तांबडा, जो सगळ्यांना निर्विवाद आपला वाटला? आपल्या जांभ्या दगडात लोहाची माती आहेच. पण कावीसाठी वापरली जाणारी हुरमुंजी हे तर होर्मुझच्या लाल मातीचं नाव, आणि ती माती समुद्रातून या किनाऱ्यावर उतरत असे. देवळाच्या भिंतीवरचा रंग कुठल्या बेटावरून आला हे देवाने कधी विचारलं नाही.

हे सगळं पाहताना एक गोष्ट पक्की झाली. रंग कुठून आला यावरून तो कोणाचा हे ठरवता येत नाही. तसं ठरवायचं म्हटलं तर चारातला एकही फलक भिंतीवर राहणार नाही. रंग आपला होतो तो आपण तो कुठे लावला आणि त्यापायी काय सोसलं यावरून. त्यामुळे भाईंचा मुद्दा इतिहासाच्या तारखा सांगून खोडता येणार नव्हता, आणि खोडायचाही नव्हता. त्यांनी सोसलेलं तिसऱ्या फलकाचाच भाग होतं. ते भिंतीवर नव्हतं, एवढीच उणीव होती.

बैठक

समितीपुढे तीन सूचना आल्या. एक, फलक काढून टाकावा. दोन, फक्त १९ तारखेपुरता काढावा, २० ला परत लावावा. तीन, प्रदर्शन वाचनालयाचं आहे, देवस्थानाने जागा दिली आहे एवढंच, तेव्हा समितीने लक्ष घालू नये. तिसरी सूचना आमच्याच बाजूच्या एका शिक्षकाची होती आणि तिला सगळ्यात कमी अर्थ होता. देवळाच्या अंगणात देशाबद्दल बोलायचं आणि महाजनांनी ऐकू नये म्हणायचं, हे बसत नाही.

दुसऱ्या सूचनेला बहुमत होतं. ती सोयीची होती आणि म्हणूनच मी तिला विरोध केला. एका दिवसासाठी चित्र काढलं तर आपण मान्य करतो की ते चित्र निशाणच आहे, आणि तुळस, कुंकू, आजीचं लुगडं हे सगळं बहाणा आहे. मुलीवर तो अन्याय झाला असता. भाईंवरही झाला असता, कारण चित्र काढलं की त्यांना काय आठवलं ते कोणीच विचारलं नसतं. सगळ्यांच्या लक्षात फक्त एक हट्टी म्हातारा राहिला असता.

मी भाईंना विचारलं, तुमच्या वडिलांना कशासाठी धरलं होतं? बैठकीत बसलेल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. भाईंनी सांगितलं. घरात शिवलेला तिरंगा सापडला होता. बाजारात तिरंगा मिळणार कुठून? आईने शिवला. पांढरं वडिलांच्या धोतराचं, हिरवं तिच्या चोळीच्या खणाचं. केशरी कापड नव्हतंच. मग तिने पांढऱ्याच पट्टीला हळद लावली आणि चुन्याची निवळी घातली, तेव्हा ती केशरी झाली. "दोन दिवस उन्हात ठेवली असती तर परत पिवळी पडली असती," भाई म्हणाले. "तेवढा वेळ मिळालाच नाही."

बैठकीत कोणी काही बोललं नाही. मग मुलगीच बोलली. म्हणाली, "भाई, हे तुम्ही लिहून द्याल? मी माझ्या चित्राशेजारी लावते. माझ्या मजकुरापेक्षा मोठं."

भाई लगेच तयार झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन अटी कळवल्या. एक, त्यांचं नाव लिहायचं नाही, वडिलांचंही नाही. दोन, १९ ला अंगणात झेंडावंदन होईपर्यंत अग्रशाळेचं दार बंद ठेवायचं, राष्ट्रगीत झाल्यावर उघडायचं. पहिली अट मी लगेच मानली. दुसरी मानताना मन थोडं कचरलं. पण चित्र जागेवरच राहणार होतं, हलणार होतं ते फक्त दार, आणि तेवढं मागण्याचा त्यांना हक्क होता.

मांडणी बदलली

चारही फलक प्रवेशाच्या भिंतीवरून काढून आतल्या खोलीत, शेवटच्या भिंतीवर नेले. दारातून शिरताच समोर तुळस दिसावी हा माझा मूळ विचार. आता लोक फलकांपाशी पोचण्याआधी एका लांब मेजावरून जाणार होते. त्या मेजावर आम्ही रंगच ठेवले, चित्रं नव्हे. जांभ्याची माती, गेरू, शिंपल्यांचा चुना, हळद, कुंकू, नीळ, काजळी, तुळशीची पानं, पाण्याचे वाडगे आणि पांढऱ्या कापडाचे तुकडे.

प्रदर्शनातला सगळ्यात जिवंत भाग तो झाला. मुलं हळदीत चुन्याची निवळी घालायची आणि पिवळा रंग डोळ्यांसमोर तांबडा होताना पाहून ओरडायची. कुंकू असंच होतं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. हळद अल्कधर्मी पदार्थात लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी, आणि उन्हात तर टिकतच नाही. उलट गेरूतला लोहाचा रंग उन्हापावसाला दाद देत नाही. कावीतला चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो आणि तांबड्याला आपल्यात धरून ठेवतो, म्हणून ती भिंत पिढ्यान्‌पिढ्या राहते. ही रसायनं आठवीच्या पुस्तकात असतात. मेजावर ती समजली की मग आत गेल्यावर भाईंच्या कागदावरची 'हळद आणि चुना' ही अक्षरं वेगळ्याच जोराने वाचली जातात.

राष्ट्रध्वजाबद्दलही मेजावर एक पाटी होती. ध्वजाची लांबी-रुंदी ३ ला २, चक्राला २४ आरे, मानकाप्रमाणे खादीचे ध्वज आपल्या शेजारी हुबळीजवळ बेंगेरीला बनतात, आणि ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचे व यंत्रावर बनवलेले ध्वजही चालतात. पॉलिस्टरचा केशरी फिका पडायला वेळ लागतो, स्वस्तही पडतो. घरातल्या हळदीपासून तो फार दूर आला आहे, हे मात्र मला लिहावंसं वाटलं आणि मी लिहिलं. एका पालकाने त्यावर नाराजी सांगितली. त्यांच्या मते ध्वजाच्या कापडावर शेरा मारणं योग्य नव्हे. मी पाटी तशीच ठेवली.

लोकांनी काय पाहिलं

भाई १९ ला झेंडावंदनाला आले. दार उघडल्यावर आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना आले.

अभिप्रायाची वही चाळली तर मतं सरळ दोन गटांत पडत नाहीत. काहींनी स्पष्ट लिहिलं की असं चित्र देवळाच्या आवारात नको होतं. एका तरुणाने लिहिलं की फुटबॉलच्या सामन्यांमुळे त्याला हिरवा-तांबडा लहानपणापासून आवडतो आणि आज पहिल्यांदा त्याबद्दल अवघडल्यासारखं झालं. ते वाक्य मला बरंच काही सांगून गेलं. आमच्या गावातून पोर्तुगालच्या पासपोर्टवर बाहेर गेलेली घरं आहेत, त्या घरांतल्या मुलांना या रंगांत नोकरी दिसते. पत्रादेवी त्यांना पुस्तकातही नीट भेटलेली नाही.

मडगावहून आलेल्या एक ख्रिस्ती बाई तिसऱ्या फलकापाशी म्हणाल्या की त्यांना त्यात साडो दिसतो, लग्नानंतर नवरीला नेसवतात ते लाल वस्त्र. त्यांच्याकडेही ते लाल मंगल, आणि त्यांच्याकडेही दारात तुळशीच्या जागी खुरिस, म्हणजे क्रूस. रंग तोच, अंगण तेच. त्यांनी एक रास्त तक्रारही केली: सगळा मजकूर मराठीत, कोंकणीत एक ओळ नाही, देशाबद्दलच्या प्रदर्शनात गोव्याचीच भाषा कशी नाही? त्यावरून दोघा-तिघांत शब्दाला शब्द वाढला. आमच्याकडे ओळखीचा कुठलाही वाद शेवटी भाषेपाशी येतोच, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून तो तसाच येत आला आहे. घरात बोलतो कोंकणी, लिहितो मराठी, दोन्ही आमच्याच. पण भिंतीवर एकच दिसली की दुसरीच्या माणसाला बाहेर ठेवल्यासारखं वाटतं, हे त्या बाईंचं म्हणणं मला पटलं. त्याच संध्याकाळी दोन पाट्या कोंकणीतून करून लावल्या.

चौथ्या फलकाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. तिरंग्याचे रंग पाहिले की लोक मान डोलावून पुढे जातात. मला मात्र चारांत तोच सगळ्यात कठीण वाटतो. तिने केशरी इतका फिका का ठेवला, हे मी तिला बैठकीआधी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की तो तिला अजून नीट दिसत नाही. भाईंचा मजकूर लागल्यावर तिने त्या फलकावर परत काम करायची परवानगी मागितली. चालू प्रदर्शनात चित्र बदलू नये असा आमचा नियम आहे. मी नाही म्हटलं.

कागदावरची दुरुस्ती

भाई दुपारी आले तेव्हा मी खोलीतच होतो. त्यांनी चारही फलक पाहिले, मग स्वतःचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या फलकाबद्दल त्यांचं मत बदललं का, असं मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "मला तो आवडत नाही. पण आता तो एकटा नाही."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्याच कागदावर एक शब्द खोडला. घरी थोरल्या बहिणीला विचारलं होतं. आईने चुना घातला नव्हता, पापडखार घातला होता, पापड करायच्या दिवसांत घरात तोच हाताशी होता. 'चुना'वर रेघ ओढून वर त्यांनी 'पापडखार' लिहिलं आणि बाजूला तारीख घातली. मेजावरच्या मुलांनी लगेच पापडखार घालून पाहिला. रंग चुन्याइतका लाल आला नाही, तांबूस केशरी आला.

प्रदर्शन संपल्यावर मुंबईहून आलेल्या एका संग्राहकाने दुसरा, निळा फलक विकत मागितला. चांगली किंमत देत होता. मुलीने आमच्याशी बोलून नकार दिला. चारही फलक, तिचा मजकूर आणि भाईंचा दुरुस्त केलेला कागद आता वाचनालयात आहेत. कुठल्याही संस्थेने प्रदर्शनासाठी मागितले तर सगळे एकत्र द्यायचे, एकेक सुटा द्यायचा नाही, आणि भाईंचा कागद चित्रांच्याच उंचीवर लावायचा, असं एक पत्र मुलीने, भाईंनी आणि मी सही करून वाचनालयाच्या दप्तरी ठेवलं आहे. भाईंनी त्यात आपल्या हाताने एक ओळ वाढवली: १९ डिसेंबरला लावायचे झाले तर झेंडावंदनानंतर.